टेकू काढण्याची रीत

नव्या सभागृहाचा स्लॅब ओतून जेमतेम पाच दिवस झाले, तोच कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष स्लॅबखालचे टेकू काढायला निघाले. सोबत आणलेल्या त्यांच्या महाराजांनी म्हणे मंत्रानं स्लॅब पक्का केला होता.

“प्रोफेसर, सही करा, नाहीतर राजीनामा द्या!” अध्यक्षांनी टेकू काढण्याच्या परवानगीचा कागद पुढे केला.

बांधकाम शिकवणाऱ्या प्रोफेसर शिरगुप्प्यांची, डबा घेऊन आलेली नवी नवरी विभावरी पदराचं टोक पिळत उभी होती. सही नाकारली तर नोकरी जाणार, केली तर टेकू काढणारे मजूर दबणार.

“करतो की सही,” शिरगुप्पे म्हणाले. “फक्त आमच्या बांधकामात रीत आहे. स्लॅब पक्का म्हणणाऱ्यानं टेकू काढताना खाली उभं राहायचं. या महाराज!”

महाराजांनी वर पाहिलं आणि वर पाहतच ते मागे सरले.

“अध्यक्ष, एकवीस दिवस थांबा. मंत्र मुरायला तेवढे लागतातच.”