नमस्कार केला म्हणून

सकाळची वेळ. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. राजधानीच्या दक्षिण वेशीच्या आत, कडुलिंबाखाली, कोतवालाच्या शिपायाने एका कुंभारणीची गाढवी धरली आणि कोंडवाड्याकडे नेली.

हे घडलं त्याला युगं लोटली. त्या राज्याचं नावही आज कुणाला आठवत नाही. गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे.

बाजाराची वाट मोकळी राहावी म्हणून तिथल्या राजाने एक नियम केला होता. वेशीजवळ एक दगड रोवून त्याला तांबडा रंग दिला होता. त्या दगडापाशी कुणी गाडी, घोडा, बैल, गाढव उभं करायचं नाही. केलं तर जनावर कोंडवाड्यात. नियम चांगला होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

कुंभारीण गाढवीवर मडकी लादून वेशीतून आत आली. कडुलिंबाखाली तिला शेंदराने लिंपलेला दगड दिसला. वर झेंडूचे हार, पुढे नारळ आणि विझलेली पणती. तिने पायताण काढलं, डोळे मिटले, हात जोडले. डोळे उघडले तेव्हा गाढवीचा दोर शिपायाच्या हातात होता.

"काय चुकलं, दादा?" तिने विचारलं.

"तिकडे चल, तिकडे कळेल," शिपाई म्हणाला.

कोंडवाड्याच्या नाईकाने तिला दोन वाटा सांगितल्या. चूक कबूल करायची, पाठीवरचा माल सरकारजमा करायचा आणि जनावर लगेच घेऊन जायचं. नाहीतर तक्रार करायची. तक्रारीची सुनावणी पुढच्या बाजाराच्या दिवशी, आणि तोवर जनावर कोंडवाड्यात.

आता तुम्हीच सांगा, अशा ठिकाणी तक्रार कोण करील? तेली, माळी, कोष्टी, सगळे मान खाली घालून चूक कबूल करत आणि माल सोडून घरी जात. मग कोतवाल दरबारात छाती काढून सांगे, की पकडलेला प्रत्येक जण गुन्हा कबूल करतो, म्हणजे आपला एकही शिपाई कधी चुकत नाही. दरबार माना डोलवी.

कुंभारणीला तर थांबायला सवडच नव्हती. गाढवी नुकतीच व्याली होती. घरी तिचं शिंगरू होतं, आईच्या दुधावर जगणारं. पुढच्या बाजारापर्यंत ते वाचलं नसतं. तिने हे नाईकाला सांगितलं.

नाईक हसला. "मग कबूल कर ना, आक्के. चुकले एवढंच म्हणायचं. जीभ झिजते का?"

"देवाला हात जोडले, त्याला चूक कशी म्हणू?"

ती घरी गेली आणि शिंगरू खांद्यावर घालून परत आली. नाईक त्याला आत घेईना. कोंडवाड्यात फक्त गुन्हेगार जनावरं ठेवायची असा हुकूम होता, आणि शिंगराने अजून गुन्हा केला नव्हता. मग आतून गाढवी ओरडू लागली आणि बाहेरून शिंगरू. समोरच न्यायमंदिर होतं. तिथे कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. शेवटी न्यायाधीश स्वतः बाहेर आले.

न्यायाधीश माणूस सरळ होता. पण कोंडवाड्याची एकही तक्रार त्यांच्यापर्यंत कधी आली नव्हती, आणि तक्रार नाही म्हणजे अन्याय नाही, असं ते धरून चालले होते. त्यांनी कुंभारणीचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला काय हवं ते विचारलं.

"तो मनाईचा दगड मला दाखवा, महाराज. मला दिसला तर मडकी तुमची आणि चूक माझी."

"तो वेशीजवळच आहे. सगळ्या नगराला ठाऊक आहे."

"तुम्ही पाहिलाय?"

न्यायाधीशांनी घोडा मागवला. ते पुढे निघाले आणि शिंगरू खांद्यावर घेऊन कुंभारीण मागे. काय होतंय ते बघायला बाजारही मागोमाग निघाला.

कडुलिंबाखाली ते उतरले. चहूकडे पाहिलं. तांबडा दगड कुठेच नव्हता. समोर देव होता. त्यांनी जोडे काढले, डोळे मिटले, हात जोडले.

झाडामागे एक शिपाई उभा होता. समोर कोण आहे हे तो कधीच बघत नसे. हात जोडलेले दिसले की दोर धरायचा, एवढंच त्याला माहीत होतं. त्याने पुढे होऊन घोड्याचा लगाम धरला.

"घोडा कुठे नेतोस?" न्यायाधीशांनी विचारलं.

शिपायाने आता कुठे वर पाहिलं. पण रोजचं वाक्य तोंडातून निघून गेलंच. "इथे जनावर उभं करायला मनाई आहे."

"मनाईची खूण कुठे आहे?"

शिपायाने मान खाली घातली. "आपण आत्ता नमस्कार केलात, तीच, महाराज."

गर्दीतून एक तेली म्हणाला, "कबूल करून टाका, महाराज. घोडा लगेच सुटेल. खोगीर तेवढं ठेवून जायचं."

सगळा बाजार हसला. न्यायाधीश हसले नाहीत. जोडे घालायचंही त्यांना सुचलं नाही. ते तसेच अनवाणी कोंडवाड्यापर्यंत चालत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दार उघडलं. कुंभारणीने शिंगरू खाली ठेवलं. ते लटपटत आईपर्यंत पोचलं आणि दुधाला लागलं. मग कुठे ओरडणं थांबलं.

त्या दिवशी धरलेली सगळी जनावरं मालासकट सुटली. न्यायाधीशांनी नियम मोडला नाही, सुधारला. ज्याने जनावर धरलं त्याने मालकाला तिथेच मनाईची खूण दाखवावी. तक्रार त्याच दिवशी, त्याच जागी ऐकावी. निकाल लागेपर्यंत जनावर मालकाच्या घरी राहावं. हार आणि नारळ लोकांनी मानाने देवळात नेले, दगडावरचा शेंदूर खरवडला, आणि शेजारी खांब रोवून त्यावर एक फाटकं पायताण टांगलं. त्याला कुणी हात जोडायला गेलं नाही. वाट मोकळी राहिली आणि कोंडवाड्यात गवत उगवलं.

तक्रार करणाऱ्याला जिथे शिक्षा आधी मिळते, तिथल्या कबुलीला कुणी न्याय समजू नये.

एक गोष्ट राहिली. दगड खरवडताना शेंदराच्या सगळ्यांत खालच्या थरात शेंदूर कालवायची तेलाची एक वाटी चिकटलेली सापडली. वाटीवर कोतवालीचा शिक्का होता. ती तिथे कुणी ठेवली, हे कोतवालाने अजून सांगितलेलं नाही.