खेकड्यांची शर्यत आणि राजकन्येचा अंगठा

एका राज्यात (कुठल्या ते विचारू नका, मलाच धड ठाऊक नाही) सणाच्या दिवशी करमणूक म्हणून खेकड्यांची शर्यत लावीत. चुन्याचं रिंगण आखायचं, मधोमध टोपली उपडी करायची, आणि तिसऱ्या, शेवटच्या फेरीत जो खेकडा पहिला रेषेबाहेर पडेल, त्याचं कालवण राजाच्या ताटात वाढायचं.

त्या शर्यतीला परमुलुखाची राजकन्या हेमकला आली. तिचा थोरला भाऊ कुसुमकेतू कुणाला पुढे म्हणून जाऊ देत नसे. एकदा त्याने चक्क एका मांत्रिकाला ढकललं, आणि शापाने खेकडा होऊन बसला. "ज्या दिवशी तो आपलं पहिलेपण दुसऱ्यासाठी सोडील, त्या दिवशी शाप सुटेल," असं एका साळुंकीने हेमकलेला सांगितलं होतं. भाऊ याच टोपलीत आहे, हेही सांगितलं. कोणता, ते मात्र नाही. पाखरांचं हे असंच असतं.

शेजारी शेंगा खात बसलेल्या म्हाताऱ्याला हेमकलेने विचारलं, "आजोबा, जिंकलेल्याला शिजवता?"

"मग राजाला काय हरलेला वाढायचा, पोरी?"

हेमकला उठून रिंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

पहिल्या फेरीत चाळीस खेकडे चाळीस दिशांना सुटले. लोक सगळ्या बाजूंनी ओरडत होते. कोण कुणासाठी ओरडतोय, देव जाणे. दहा खेकडे उरले.

दुसऱ्या फेरीत तिने हाक मारली, "दादा, जिंकू नकोस!"

"मग काय हरू?" एक काळा खेकडा धावता धावता म्हणाला.

"जिंकलास तर शिजशील."

"शिजेन. पण पहिला शिजेन."

आणि तो पहिला आला. हेमकलेला राग आला आणि रडूही आलं.

तिसऱ्या फेरीला तीन खेकडे राहिले. आचाऱ्याने चूल पेटवली. हेमकला राजापुढे गेली. "महाराज, मीही धावते. जिंकले तर माझा भाऊ तरी वाचेल."

प्रधानाने पोथी काढली. "जो आडवा चालेल तो खेकडा, असा रिवाज आहे. मात्र जिंकलात तर शिजाल."

"मान्य आहे."

राजाला काहीच कळलं नाही. कळलं नाही की तो मान हलवी, तशी त्याने हलवली.

नगारा वाजला. राजकन्या हातापायांवर आडवी धावू लागली. हसावं की रडावं, लोकांना समजेना. भावाला मागे टाकून ती रेषेपासून वीतभर अंतरावर आली, तोच आचाऱ्याने माणूस मावेल एवढा मोठा हंडा आणवला.

कुसुमकेतूने हंडा पाहिला. "हेमे, मागे फिर."

"नाही."

तेव्हा त्याने तिच्या पायाचा अंगठा नांगीत धरला. ती कळवळली, तरी सोडला नाही. स्वतःही पाऊलभर पुढे गेला नाही. तेवढ्यात एक लंगडा खेकडा दोघांच्या बाजूने सावकाश गेला आणि जिंकला.

शाप सुटला. आचारी लंगड्याला घेऊन चुलीकडे गेला, राजा पानावर बसला, आणि लोक आपापल्या शेंगा खाऊ लागले. रिंगणात धुळीने माखलेला एक राजपुत्र बसला होता, बहिणीचा अंगठा मुठीत धरून.

"फार लागलं का गं?" त्याने विचारलं. जन्मात त्याने हे कुणाला विचारलं नव्हतं.

"लागलं," हेमकला म्हणाली, आणि त्याच्या गळ्यात पडून पोटभर रडली.