हणमाचा पखवाज

घ्या, पुन्हा तीच गोष्ट! सांगणाऱ्याचा घसा बसला तरी ऐकणाऱ्यांचं पोट भरत नाही. बरं, ऐका. पण मधे कुणी ‘च्च च्च’ करायचं नाही. त्या आवाजाचाच वीट आलाय.

“पण बुवा, भर कीर्तनात त्याला झटका आला तर?”

विचारणारा पद्माकर. लिंबाजीबुवांचा पट्टशिष्य. अभंग तोंडपाठ, आणि नाक कळसाला लागलेलं.

मठात पखवाज वाजवायचा हणमा. तो डोक्याच्या गोळ्या खातो, त्याच्याकडं अपंगत्वाचा सरकारी दाखला आहे, हे पद्माकरला त्याच दिवशी कळलं. झालं. कीर्तन उभं राहायच्या वेळी त्यानं हणमाला उठवलं, दारात चपलांपाशी बसवलं आणि स्वतः पखवाजावर बसला.

“आला तर थांबू,” बुवा म्हणाले. “तुला ठसका लागतो तेव्हा थांबतोच की.”

“ठसक्याची गोष्ट वेगळी. आणि मी काही वाईट बोललो नाही हं. दिव्यांग म्हणालो. मानानं.”

“मानानं चपलांत बसवलंस?”

दारातनं हणमा ओरडला, “दाखला एसटीच्या भाड्यापुरता काढलाय, बुवा! उठवून लावायला नाही!”

“बघा,” पद्माकर हसला. “स्वतःच कबूल करतोय. अपंगच की मग.”

बुवांनी पखवाज मांडीवर ओढला. डाव्या तोंडावर ओली कणीक थापलेली होती. हणमानंच थापलेली, उठवायच्या जरा आधी. बुवांनी ती नखांनी खरवडून काढली. सगळी. पखवाज परत ढकलला.

“वाजव.”

पद्माकरनं थाप मारली. रिकामा डबा वाजावा तसा आवाज. बायकांत खसखस पिकली.

“कणीक काढलीत, बुवा! आता कसा बोलेल हा?”

“रोज लागते?”

“रोज म्हणजे काय! लावल्याबिगर घुमतच नाही.”

“मग अपंग आहे. ठेव नेऊन चपलांत.”

पद्माकरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग उठला, वाकला आणि बुवांच्या पायांवर डोकं टेकायला गेला.

“चुकलं माझं, बुवा.”

बुवांनी पाय मागं ओढून घेतले आणि दाराकडं बघितलं.

“हे पाय नव्हेत, पद्माकर.”