केबल आणि छाटी

“पण माई, चांगली केबल म्हणजे कशी? तेवढं तरी सांगा.”

रेवण उंबऱ्याशी उभा होता. खांद्याला पिशवी, पायात चपला, तालुक्याला निघालेला.

गिरिजामाई हुलगे पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

“जिच्यावर दुसऱ्याचा जीव सोपवता येईल, अशी.”

“दुकानात असं मागून मिळतं का?”

“मागून तर बघ…”

सोनघळीचा मठ डोंगराच्या कुशीत आहे. खाली वाड्या विखुरलेल्या, आणि त्या सगळ्यांना मिळून दवाखान्याची गाडी एकच, मठाची जीप. तिच्यात मागे आजाऱ्याला आडवं निजवायची फळी, फळीवर गादी. ती चालवायचं काम माईंनी रेवणकडे दिलं होतं.

रेवणला ते काम मनापासून कधीच नको होतं. तो आला होता छाटी घ्यायला. माईंच्या खांद्यावर असे तसं दीक्षेचं भगवं वस्त्र, माईंच्याच हातून. “माई, छाटी कधी?” असं विचारलं की त्या म्हणायच्या, “गाडी पुसलीस का?”

मग रेवण मुकाट्याने फडकं घ्यायचा.

मागच्या आठवड्यात, ऐन थंडीत, बाळकूतात्यांच्या छातीत कळ आली आणि जीपची बॅटरी उतरलेली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मठाचं अंगण खोलगट, दोन्हीकडे चढ, त्यामुळे ढकलायचीही सोय नाही. शेजारी, रोज उजाडता दूध न्यायला येणारी दौलतची पिकअप धडधडत उभी होती. चालती बॅटरी हाताच्या अंतरावर, आणि एकीची वीज दुसरीला द्यायला वायर नाही. शेवटी तात्यांना दुधाच्या कॅनच्या मधे बसवलं आणि उघड्या गाडीतून, गार वाऱ्यात नेलं.

तात्या वाचले. परत आले तेव्हा रेवणकडे बघून एवढंच म्हणाले, “देवाची गाडी म्हनं. मग देवळातच ठिवा की तिला.”

ते रेवणच्या जिव्हारी लागलं.

आता तुळाजीच्या बायकोचे, हौसाचे दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की आडवी निजवूनच आणा, बसवून धक्के खात आणलीत तर माझ्या हातात काही राहणार नाही. नवी बॅटरी मागवली होती, पण ती यायला वेळ होता. आणि नवी आली तरी ती कधी दगा देणार नाही असं कोण सांगणार? जम्पर केबल मठात हवीच होती.

रेवणने पादुकांवर हात ठेवून ठरवलं होतं. हौसाच्या वेळी गाडी अडणार नाही.

संध्याकाळी तो परतला तो छाती काढूनच. पिशवीतून केबल काढून त्याने माईंसमोर ठेवली. अंगठ्याएवढी जाड, एक लाल, एक काळी, अंगावर अँपिअरचा भलामोठा आकडा छापलेला.

“दुकानातली सगळ्यात जाड, माई.”

माईंनी ती हातावर तोलली.

“हलकी आहे रे.”

“हलकीच बरी. न्यायला सोपी.”

“अडकित्ता आण.”

माई सुपारी खात नाहीत, हे रेवणला अडकित्ता हातात दिल्यावर आठवलं. तोवर माईंनी केबल पात्यात धरून दाबली होती. कट्.

“माई! नवी केबल!”

माईंनी तुटलेलं टोक त्याच्यापुढे धरलं. आत शेवयांसारख्या चार-दोन तारा. बाकी सगळं रबर.

रेवणने त्या तारा नखाने मोजल्या.

“थंडीत कोट हवाच,” माई म्हणाल्या. “आत माणूस असेल तर.”

“पण वीज तर जाईल ना यातून?”

“जाईल की. जाता जाता हिलाच पेटवून जाईल.”

रेवणला राग आला. आधी माईंचा आला, मग दुकानदाराचा. जेवताना कळलं की खरा राग त्या दोघांचा नव्हताच. छापलेला आकडा वाचून मान डोलावणारा तो स्वतः होता.

सकाळच्या पहिल्या एसटीने तो पुन्हा तालुक्याला गेला.

या वेळी तो स्टँडमागच्या नूरभाईंच्या दुकानात शिरला. नूरभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. चहाचा ग्लास हातात घेऊनच त्यांनी एक केबल खाली काढली.

रेवण म्हणाला, “टोक कापून दाखवा.”

“कापून दाखवू? महाराज, हे काय कलिंगड आहे?”

“कलिंगडसुद्धा माणूस कापून घेतो, नूरभाई. आणि हे न बघताच नेऊ?”

नूरभाई हसले. त्यांनी टोकाचं रबर सोललं. आत लालसर तारा दिसल्या, भरपूर.

“बघा. लालबुंद. आता तरी समाधान?”

रेवणने चाकूचं पातं तारेवर हलकेच ओढलं. मठातली ताम्हणं आणि पळ्या रोज चिंचेने घासून त्याची बोटं तांबं ओळखायला शिकली होती. तांबं कितीही खरवडलं तरी तांबंच राहतं. इथे लाल निघून गेलं आणि खाली पांढरं चमकलं.

“तांब्याचं नुसतं पाणी चढवलंय. आत ॲल्युमिनियम आहे.”

“अख्खी दुनिया हीच नेते, महाराज.”

“दुनियेची हौसा अडलेली नाही.”

“हौसा कोण?”

रेवणने सांगितलं. तात्यांचंही सांगितलं, दुधाच्या कॅनचंही.

नूरभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आत गेले आणि काळ्या केबलचं एक जड वेटोळं ओढत घेऊन आले.

“ही वेल्डिंगवाल्यांची. हिचं पोट कायम उघडंच असतं, कारण ही कापूनच विकतात. ओढा पातं.”

रेवणने ओढलं. लालच्या खाली लाल. केसासारख्या बारीक तारांचा घट्ट पेड, रबर बेताचं.

नूरभाईंनी तिचे दोन तुकडे केले. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता पोहोचतील इतके लांब. एकीला लाल पट्टी गुंडाळली आणि टोकांना चिमटे बसवले. दाबायला दोन्ही हात लागावेत इतकी त्यांची स्प्रिंग कडक, दातांना तांब्याचा पत्रा, मुठींवर रबर.

“आता लावायचं कसं ते ऐका. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला. मग जित्या बॅटरीच्या अधिकला. काळं जित्या बॅटरीच्या उण्याला. आणि काळ्याचं शेवटचं टोक…”

“मेलेलीच्या उण्याला.”

“नाही! तिथेच सगळे चुकतात. ते बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून भडकणारा वायू निघत असतो. ठिणगी पडू द्या, पण लांब पडू द्या. काढताना उलट्या क्रमाने.”

रेवण एसटीत बसून ते घोकत आला.

मठात माईंनी नवी केबल हातावर घेतली. हात खाली गेला.

“जड आहे,” त्या म्हणाल्या.

रेवणला आभाळ ठेंगणं झालं.

“मग माई… छाटी?”

“गाडी पुसलीस का?”

मठाची एक रीत होती. नवी वस्तू आली की आधी पादुकांपुढे ठेवायची आणि तिला तेल-शेंदूर लावायचा. कुदळ असो की चाळण, शेंदूर लागल्याशिवाय ती कामाला जात नसे. आणि एकदा चढवलेला शेंदूर कुणी पुसत नसे.

कुदळीला बोटभर टिळा पुरायचा. पण रेवणला या केबलपुढे टिळा अपुरा वाटला. त्याने चारही चिमटे शेंदराने माखले, दातांसकट. वर लाल नाडा करकचून गुंडाळला. केबल गाभाऱ्यातल्या खुंटीला टांगली आणि रोजच्या पूजेनंतर तिच्यावर ताजा हात फिरवू लागला. माईंचे गुडघे धरलेले, त्या बाहेरूनच हात जोडत. आतलं सगळं रेवणकडे होतं.

हौसाला कळा सुरू झाल्या त्या दिवशी नुकतं उजाडलं होतं. नवी बॅटरी अजून आली नव्हती.

चौघांनी बाजेवर घालून तिला मठात आणलं. तिला जीपमध्ये फळीवर निजवलं. रेवणने किल्ली फिरवली.

टक्.

“घाबरू नकोस तुळाजी,” रेवण म्हणाला. “या वेळी तयारी आहे. दौलतभाऊ, पिकअप जवळ आणा!”

तो गाभाऱ्यात पळाला, केबल घेऊन आला. ओठांत क्रम होता. लाल इकडे, लाल तिकडे, काळं तिकडे, शेवटचं टोक इंजिनाच्या लोखंडाला…

ठिणगी पडलीच नाही.

किल्ली फिरवली. टक्. लाल चिमटा नाड्यावरून घसरला आणि बाजूला पडला.

दौलत वाकून बघू लागला. “अवो, ह्यो चिमटा हाय का मारुती? दात कुटं हायेत ह्याचं?”

रेवणने बघितलं. शेंदराचा थर वाळून त्याची खपली झाली होती, नाड्याखाली तांबं कुठेच दिसत नव्हतं.

“पुसा की!” दौलत ओरडला.

रेवणचा हात उठला, आणि थांबला.

“पुजलेला आहे तो…”

जीपमधून हौसाचा आवाज आला. तुळाजीने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

माई पायऱ्या उतरून आल्या होत्या. कधी आल्या ते कुणाला कळलं नाही.

“सगळे चिमटे सोडव आधी.”

रेवणने सोडवले.

“पूस.”

“माई, देवाचा शेंदूर… कशाने पुसू?”

माईंनी खांद्यावरची छाटी ओढली. काठ दातांत धरला. टर्र… हातभर पट्टी फाटून आली. ती त्यांनी रेवणच्या हातात दिली.

रेवणने एकदा माईंकडे बघितलं. मग नाडा तोडला आणि पुसायला लागला. एक चिमटा, दुसरा, दातांच्या फटीफटीतून, रेटून रेटून. भगवं शेंदरी झालं, मग काळं झालं. आणि हळूहळू खालून तांबं वर आलं.

लाल, लाल, काळं. शेवटचं टोक लांब, लोखंडाला.

चट्! ठिणगी पडली.

दौलतने पिकअपचं इंजिन रेटून धरलं. “जरा दम धरा. पिऊ दे तिला…”

मग रेवणने किल्ली फिरवली.

जीप खोकली, थरथरली आणि चालू झाली. रेवणने चिमटे उलट्या क्रमाने काढले, पट्टी आणि केबल सीटखाली टाकली, आणि चढ एका दमात पार केला.

दुपारी तो परतला तेव्हा माई सूप घेऊन बसल्या होत्या. पारावर बाळकूतात्या ऊन खात होते.

“मुलगी झाली,” रेवण म्हणाला. “दोघीही बऱ्या आहेत.”

तात्यांनी जीपकडे बघितलं. “देवळाभाईर पडली म्हनायची,” ते म्हणाले, आणि पारावर सरकून त्यांनी रेवणला बसायला जागा केली.

रेवण बसला नाही. तो माईंपुढे जाऊन उभा राहिला. माईंच्या खांद्यावरच्या छाटीला एका बाजूने काठ नव्हता.

“माई… केबल कुठे ठेवू?”

“लागते कुठे?”

“गाडीत.”

सूप चालू होतं.

रेवणने मुठीतली पट्टी पुढे केली. शेंदूर, तेल, ग्रीस. मूळचा रंग शोधावा लागत होता.

“आणि ही तुमची… धुऊन आणतो.”

माईंनी सूप खाली ठेवलं. पट्टी घेतली, झटकली, गुडघ्यावर पसरून हाताने सारखी केली. मग हात टेकत उठल्या आणि ती रेवणच्या खांद्यावर ठेवली.

रेवणच्या डोळ्यांत पाणी आलं.

“माई… म्हणजे ही…?”

माई पुन्हा खाली बसल्या. सूप हातात घेतलं.

“गाडी पुसलीस का?”