चार बोटं पुढे

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. तेव्हा अख्ख्या डोंगराला मिळून एकच मोटार होती.

मोटार म्हणजे पिकअप. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा आणि मागे उघडा हौदा. घाटाखालच्या गावातल्या एका माणसाची ती होती. रोज सकाळी तो हौद्यात मीठ, रॉकेल, टपाल, औषधं भरायचा आणि डोंगरावरच्या वस्त्यांवर पोचवायचा. उतरताना आजारी माणसं, फणस, शेळ्या, माहेरपण संपवून निघालेल्या लेकी, सगळ्यांना घेऊन यायचा. वस्त्यांवर घड्याळ नव्हतं. घाटातून गाडीचा आवाज आला की लोक आपापली बोचकी उचलून रस्त्यावर येऊन बसायचे. आवाज आला म्हणजे गाडी येणार, हे इतकं पक्कं होतं की कुणी कधी कुणाला तसं सांगितलंही नव्हतं.

त्या माणसाला दोन मुलं. एक मुलगी, एक मुलगा. दोघांना चांगली नावं होती, पण गाव त्यांना थोरली आणि धाकटा असंच म्हणायचं. आपणही तेच म्हणू.

आई लहानपणीच गेलेली. थोरली संध्याकाळी चूल पेटवायची आणि उंबऱ्यावर येऊन बसायची. आधी लांबून घरघर यायची. मग हौद्याच्या मागच्या फाळक्याची साखळी खळखळायची. मग शेवटच्या वळणावर तिचे वडील, आबा, गिअर बदलायचे आणि गाडी घसा खाकरल्यासारखा आवाज करायची. ते खाकरणं कानावर पडलं की थोरली अनवाणी पळत सुटायची. दिवसभर तिच्या छातीवर काहीतरी बसलेलं असायचं, ते त्या क्षणी उठून जायचं.

एका वर्षी आबा तापाने गेले. गाडी पडवीत उभी राहिली.

पोरं मोठी झाली होती. पण रोज संध्याकाळी थोरली उंबऱ्यावर यायचीच. चूल पेटलेली, भात शिजत आलेला, आणि रस्ता गप्प.

वर्ष सरलं तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, गाडी बाहेर काढू. असं रूप देतो की राजासुद्धा पालखी थांबवून बघेल."

"जशी होती तशी करायची," थोरली म्हणाली. "एक खिळा इकडचा तिकडे नको."

"म्हणजे पुन्हा तोच खटारा?"

"खटारा म्हणू नकोस."

"सगळं गाव म्हणायचं. आबांच्या तोंडावर म्हणत नव्हतं, एवढंच."

गावात एक म्हातारा मिस्तरी होता. त्याने दोघांचं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, "हे बघा लेकरांनो, पुढून त्याची आणि मागून तिची अशी गाडी मला करता येत नाही. आधी कोणाचं ते ठरवा आणि मग या."

थोरली रागात होती. "आधी त्याचंच होऊ दे. हौस फिटली की मोकळा होईल."

धाकट्याने गाडीला मोरपंखी रंग दिला. दोन्ही दारांवर नाचरे मोर काढवले. हौद्यात लाल मखमलीच्या बैठका ठोकल्या, आबांच्या आसनावरही तीच मखमल चढवली. सात सुरांत वाजणारा भोंगा बसवला. जत्रेच्या दिवशी गाडी निघाली तेव्हा पोरं मागे धावली, बायका माळवदावर चढल्या. धाकटा पुढे ताठ बसला होता. त्याला उभ्या जन्मात कुणी असं वळून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीची माणसं मिठाचं पोतं घेऊन आली. धाकट्याने हात आडवा केला.

"पोतं नको. मखमल खराब होईल."

"मग हिच्यात न्यायचं काय?"

धाकट्याने मखमलीवरची धूळ झटकली. माणसं पोतं डोक्यावर घेऊन पायी घाट चढली. लोकांनी गाडीकडे आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी धाकटा चौकात भोंगा वाजवत उभा राहिला, तर एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "अरे, बंद कर ते! गाय आटली माझी!"

धाकट्याने किल्ली बहिणीसमोर ठेवली आणि कामधंदा बघायला तो शहरात निघून गेला.

आता थोरलीची पाळी. तिने मोर खरवडले, भोंगा उपटला, मखमल टराटरा फाडली. पुढच्या आसनावरची मखमल निघाली आणि तिचा हात थांबला. खाली आबांची जुनी गादी तशीच होती. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून गादीला खळगा पडला होता. डावीकडे थोडा जास्त खोल, कारण आबा डाव्या अंगावर रेलून बसायचे. थोरलीने त्या खळग्यावर तळवा टेकला, तो कितीतरी वेळ उचललाच नाही.

"ह्याला कुणी हात लावायचा नाही," ती मिस्तरीला म्हणाली. "बाकी सगळं होतं तसं करा."

"होतं तसं म्हणजे कधीचं?" मिस्तरीने रंगाचा एक पापुद्रा नखाने उचलला. "हा बघ, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा. ही पायरी तुझ्या बापाने म्हाताऱ्यांसाठी मागाहून जोडली. ही आडवी फळी बाळंतिणींसाठी. हे दार तर गाडीचं नाहीच, दुसरीकडून आणून बसवलंय. तुझा बाप दर वर्षी काहीतरी बदलायचा. ह्यातली कुठली गाडी पाहिजे तुला?"

थोरलीने पायरीवरून हात फिरवला.

"मी दहा वर्षांची होते तेव्हाची," ती म्हणाली.

मिस्तरीने तिच्याकडे बघितलं. मग त्याने पाना उचलला.

दोन वर्षं गेली. तिने बाजार पालथे घातले, भंगारवाल्यांच्या दारात उभी राहिली, एका स्क्रूसाठी तीन गावं फिरली. फाळक्याच्या साखळीची एक कडी नवी वाटली म्हणून ती काढून जुनी शोधून आणली. डोंगरावरची माणसं एवढा काळ पायी चढत होती आणि उतरत होती. रस्त्यात भेटली की विचारायची, "थोरले, गाडी कधी गं?" ती म्हणायची, "अजून झाली नाही." खरं सांगायचं तर गाडी चालायला लागून एक वर्ष झालं होतं. पण ते खाकरणं अजून आबांच्या गाडीसारखं येत नव्हतं.

एक अडचण मात्र होती. आबा उंच होते. थोरली त्या खळग्यात बसली की तिचा पाय क्लचपर्यंत जेमतेम टोकानेच पोचायचा. मिस्तरी म्हणाला, "आसन पुढे घेऊ." ती नको म्हणाली. "पाठीला उशी घेते." मिस्तरी म्हणाला, "घाटात उशी सरकली तर सरळ दरीत." म्हणून ती उशी घेऊन गावातल्या सपाटीवरच गाडी चालवायला शिकली; एरवी गाडी गावातल्या गावात फिरायची, तीही मिस्तरीच्या हातून.

शेवटी एके दिवशी मिस्तरीने सायलेन्सर पुन्हा एकदा बदलला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "आता ऐक. तू दारात उभी राहा, मी दुसऱ्या वळणापर्यंत वर जाऊन खाली येतो. त्याच्यापुढे माझी नजर चालत नाही."

थोरली उंबऱ्यावर उभी राहिली. गाडी घाट चढत दिसेनाशी झाली. सगळं शांत झालं.

मग लांबून घरघर आली. मग साखळी खळखळली. आणि शेवटच्या वळणावर गाडीने घसा खाकरला. तोच आवाज! जराही कमी नाही, जराही जास्त नाही. थोरलीला काही कळायच्या आत तिचे पाय धावायला लागले होते. ती दहा वर्षांची होती, चूल पेटलेली होती, छातीवरचं ओझं उठून चाललं होतं. गाडी थांबली. दार उघडलं.

आतून मिस्तरी उतरला.

"काय? जमलं ना आता?" तो हसत म्हणाला.

थोरलीने मान डोलावली. घरात गेली, जमखाना आणला, गाडीवर पांघरला आणि पडवीचं दार लावून घेतलं. आबा गेले त्या दिवशी ती जेवढी रडली नव्हती, तेवढी त्या दिवशी रडली.

आता इथेच गोष्ट संपली असती, तर ती सांगण्यात काही अर्थ नव्हता. रडून गाडीला कुलूप लावणारी माणसं काही कमी नाहीत.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा दारात काठी आपटली. वरच्या वस्तीची ठकूमावशी उभी होती. एवढा घाट उतरून आलेली, घामाने भिजलेली आणि रागाने लाल.

"काय गं थोरले, मस्करी करतेस होय आमची?"

"काय झालं मावशी? बसा, पाणी देते."

"पाणी ठेव तुझं! काल गाडी घाट चढली. आवाज अख्ख्या वस्तीने ऐकला. भांडी टाकून, गुरं सोडून आम्ही रस्त्यावर येऊन बसलो. आमच्या म्हाताऱ्याचा पाय सुजून कोहळ्याएवढा झालाय. त्याला खाटेवर घालून चौघांनी रस्त्याला आणला. आली बघ गाडी, म्हणाला. दुपार झाली, उन्हं कलली, तिन्हीसांजा झाल्या. त्याने मान वळवून वळवून नुसता रस्त्याकडे डोळा लावलेला. आम्ही म्हटलं, चला घरी. तर म्हणतो, आवाज आलाय म्हणजे येणार. तुझ्या बापाने एवढ्या वर्षांत असं एकदाही केलं नाही. आवाज दिला आणि आला नाही, असं एकदाही नाही!"

थोरलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रस्त्याकडे बघत बसणं म्हणजे काय, हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्यासारखंच डोंगरावर कुणी वाट बघत असेल, हे तीन वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

"मावशी, बाबांचा पाय आता कसा आहे?"

"कसा असणार? ठणकतोय."

थोरली उठली. तिने मिस्तरीला हाक मारली आणि जमखाना ओढून बाजूला टाकला.

"आसन पुढे घ्या."

मिस्तरी घुटमळला. "नुसतं पुढे घेऊन भागायचं नाही पोरी. तुझ्या पाठीला टेका पाहिजे, उंचीही पाहिजे. गादी उसवून काथ्या भरावा लागेल. खळगा राहणार नाही."

"किती पुढे?"

"चार बोटं."

थोरली आसनाजवळ गेली. तिने शेवटचं एकदा त्या खळग्यावर हात फिरवला. मग मिस्तरीच्या हातातली सुरी घेतली आणि गादीची शिवण स्वतः उसवली. जुना काथ्या भसकन बाहेर आला. त्याला आबांचा वास असेल असं तिला वाटलं होतं. त्याला धुळीचा वास होता.

दुपारी ती गाडीत बसली. पाय क्लचवर पूर्ण टेकला. ठकूमावशी शेजारी बसली आणि घाट चढेपर्यंत म्हणत राहिली, "हळू गं बाई! तुझा बाप इथे हळू घ्यायचा."

"मावशी, गप्प बसा, नाहीतर उतरा."

"उतरते कशाला? तीन वर्षांनी तर बसायला मिळालंय."

थोरली चढताना कान देऊन ऐकत होती. आत इंजिनाचा नुसता धडधडाट होता. साखळी ऐकू येत नव्हती. वळणावर तिने गिअर बदलला, पण खाकरणंही ऐकू आलं नाही. गाडीत बसलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येतच नाही. आबांनीही तो जन्मात कधी ऐकला नसणार. हे तिला त्या वळणावर कळलं आणि तिचे डोळे भरून आले; पण रस्ता अरुंद होता, म्हणून तिने बाहीने डोळे पुसले आणि समोर बघितलं.

वस्तीच्या तोंडाशी माणसं उभी होती. रस्त्याच्या कडेला खाट होती. खाटेवरच्या म्हाताऱ्याने मान उचलून काचेतून आत बघितलं.

"कोण, थोरली काय गं? आवाजावरून वाटलं, तुझा बाप आला."

"आबा नाही आले, बाबा. मी आले."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "उशीर केलास."

थोरलीने त्याला त्याच दिवशी खाली दवाखान्यात नेलं आणि त्याचा पाय वाचला. गाडी पुन्हा रोज घाट चढू लागली. उन्हाळ्यात आजाऱ्यांना हौद्यात ऊन लागायला लागलं, तेव्हा थोरलीने धाकट्याला शहरात निरोप धाडला, "ये. मोर नको, सावली कर." तो आला आणि त्याने हौद्यावर ताडपत्रीचा असा टप बांधला की वस्तीच्या बायका येता-जाता त्याच्याकडे वळून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा कुणी बांधला गं? हात चांगला आहे." धाकटा तिथेच राहिला.

दर वर्षी गाडीत काहीतरी बदलत गेलं. पायरी आणखी खाली आली, फळी रुंद झाली, दार तिसरंच बसलं. जिच्यासाठी थोरलीने दोन वर्षं घातली ती तिच्या दहाव्या वर्षीची गाडी हळूहळू नाहीशी झाली. ज्या आवाजासाठी ती झुरत होती, तो तिला पुन्हा कधीच ऐकू आला नाही. तो आता दुसऱ्यांना ऐकू येत होता, आणि तो ऐकून डोंगरावरची माणसं बोचकी उचलून रस्त्यावर येत होती.

म्हणून लहान-थोर सगळ्यांनी एवढं ध्यानात धरावं: गेलेल्या माणसाची वस्तू नुसती जपून किंवा नटवून आपली होत नाही, ती आपल्या मापाची करून त्याचं राहिलेलं काम पुढे न्यावं लागतं, आणि तेही लोक ताटकळण्याआधी.