हाराचा धोंडा

टेका पाहुणे, टेका. निम्मा चढ झालाय, इथे सगळेच बसतात. फक्त त्या धोंड्यावर नका बसू. त्याच्यावरचे वाळके हार देवाचे नाहीत, शाळेच्या गुरुजींसाठी आणलेले आहेत. वर आमच्या उंबरघोळ गावच्या शाळेत हार न्यायचा नाही, इथेच उतरवायचा, ही आमची रीत. का, ते सांगतो. तेवढाच तुम्हाला दम खायला वेळ.

फार मागे वर गावात विसाजीपंत नावाचे पंतोजी होते म्हणे. एकटा जीव. खालच्या झऱ्यावरून पाणी आणायचे, चार वाड्या हिंडून पोरं गोळा करायचे, मग चाळीस पोरांपुढे घसा फोडायचे. लावणी आली की पोरं शेतात, की पंतोजी पुन्हा दारोदार. श्रावण सरता सरता त्यांचा आवाज बसला. चैत्रापर्यंत पोरांना वाचतं करायचं, एवढी एकच आस होती, आणि तेवढंही आपल्याच्यानं होईलसं त्यांना वाटेना.

गावाला कळलं, पंतोजी दमलेत. मग शहाण्या गावाने काय करावं? सत्कार केला! वाजतगाजत मिरवलं, भर उन्हात पाटावर बसवलं. घराघराने येऊन पाय धुतले, हार घातले, पाच जण लांबलचक बोलले. पंतोजींना नुसतं आडवं व्हायचं होतं हो. पण मान देणाऱ्याला नको कसं म्हणायचं? दुपार कलली तरी बिचारे हात जोडून बसलेलेच.

सगळं आटोपलं तसं त्यांनी गुपचूप बोचकं बांधलं आणि उतरणीला लागले. कायमचे. इथवर आले, गळ्यातले हार ह्या धोंड्यावर काढून ठेवले, खाली बसले आणि काही केल्या उठवेना.

तेवढ्यात सगुणा नावाची बाई झऱ्यावरून घागर घेऊन चढत आली. तिची दोन पोरं त्यांच्याच शाळेत होती. बोचकं पाहून ती काय ते समजली. पाया पडली नाही की रडली नाही. घागर उतरवून तिने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि विचारलं, "पंतोजी, तुम्हाला काय पाहिजे?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पंतोजी ते पाणी प्यायले. म्हणाले, "सकाळी पोरं गोळा करून आणा, बाई. आणि पाणी. शिकवायचं मी बघतो."

"मग आईची आण," सगुणा म्हणाली, "पोरं वाचायला लागेपर्यंत माझी पहिली घागर शाळेत. घरी दुसरी. पोरंही मीच आणीन." घागर डोईवर, बोचकं काखेत, निघाली वर. पंतोजी गुमान तिच्या मागे.

सासू कडाडली, "घरची चूल थंड, आणि ही निघाली गावाला पाणी पाजायला!" सगुणाने कानाआड केलं. महिनाभर एकटीने ओढलं, खंगली. मग शेजारणीला लाज वाटली, ती आली. मग तिची जाऊ. होता होता घरोघरी पाळ्या लागल्या. फाल्गुनात आटणारा झरा त्या साली चैत्र संपेपर्यंत वाहिला, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पंतोजी काही ताजेतवाने झाले नाहीत. दमलेलेच राहिले, पण राहिले. आणि पोरं वाचू लागली.

आजही शाळेच्या दर दिवसाला एका घराची पाळी असते. पाळीच्या माणसाने पोरं आणायची, पाणी भरायचं आणि शिक्षकाला काय पाहिजे ते विचारायचं. गेल्या जूनमध्ये नव्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी आमच्या सुनेने विचारलं, तर बाईंचा बांधच फुटला. आधीच्या गावात चार वर्षं काढली होती त्यांनी, पण असं कुणी विचारलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाल्या, "जरा बसू द्या मला."

सुनेने खुर्ची दिली, आणि दुपारपर्यंत पोरं तिनेच सांभाळली.