चुन्यातले पंजे

एका राज्यात, समुद्राला पाठ टेकून, एक पांढराशुभ्र राजवाडा उभा होता. तिथली रीत अशी, की नवा राजा गादीवर बसला की शिंपले भाजून चुना करायचा, जुने पंजे तेवढे सोडून वाड्याला लावायचा आणि ओल्या चुन्यात आपला पंजा उमटवायचा. राजघराण्यात मूल जन्मलं, की बारशाला त्याचाही पंजा उमटवायचा.

धवलसेन राजाचं मात्र एकदा लावून समाधान होईना. वाडा चंद्राहून पांढरा हवा! मग काय, भट्ट्या पेटल्या त्या विझेनातच.

आता समुद्राचं काम तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगतो. आपण टाकलेला श्वास, चुलीचा धूर, सारं वाऱ्याबरोबर त्याच्याकडे जातं. लाटा ते पितात, शिंपल्यांत बांधतात आणि तळाशी निजवतात. राजाने शिंपले भाजले, म्हणजे त्या गाठीच सोडल्या; बांधलेला धूर पुन्हा मोकळा झाला. समुद्र पीत राहिला, पीत राहिला. शेवटी त्याचं तोंड आंबलं. त्याने लाटा मिटल्या आणि पाणी काचेसारखं निपचित पडलं.

हवा जड झाली. दिवे मिणमिणू लागले. राजाची एकुलती लेक शशिरेखा अंथरुणाला खिळली. एक श्वास आला, की दुसऱ्याची वाट पाहावी लागे. राजमांत्रिकाने धूप जाळला, तर ती आणखीच घुसमटली.

तेवढ्यात खिडकीत समुद्रावरचा एक कुरव पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, धूर कमी पडला होता का रे?"

"तुला काय कळतं, पाखरा?"

"एवढंच, की समुद्राला अजीर्ण झालंय. औषध त्यालाच विचार."

राजा अनवाणी किनाऱ्यावर गेला. हात जोडले. पाण्यातून आवाज आला, "भट्ट्या विझव."

राजाने भट्ट्या विझवल्या. पाणी हललं नाही.

"रचून ठेवलेले शिंपले परत दे."

राजाने स्वतः टोपली डोक्यावर घेतली. ढीग संपला. पाणी हललं नाही. वरून दासी ओरडली, "महाराज, ताईसाहेबांचे ओठ निळे पडले!"

"आता चुना दे. आंबलेलं तोंड त्यानेच निवळेल, तहान परत येईल."

"भिंतीवरचा?"

"भिंतीवरचा."

प्रधान आडवा आला. "महाराज, त्यात पूर्वजांचे पंजे आहेत. शापतील ते!"

"शापू देत. लेक जगली, तर शाप भोगायलाही बळ येईल. सरका."

राजाने खरवडणी हातात घेतली. आजोबांचा पंजा गेला. वडिलांचा गेला. त्याचा स्वतःचाही गेला. चुना समुद्रात पडत राहिला, पाणी दुधाळ झालं; पण लाट नाही. लेकीचा श्वास आता कान लावूनच ऐकू येई.

पाळण्याच्या कोनाड्याजवळ एक तुकडा उरला. त्यात शशिरेखेचा बारशाचा पंजा, बदामाएवढा. राजाचा हात थांबला.

"हा नको," तो म्हणाला. "ती गेली, तर माझ्याजवळ एवढंच राहील."

कुरव म्हणाला, "हा ठेवलास, तर एवढंच राहील."

राजाने डोळे मिटले आणि खरवडलं. ती चिमूटभर पूड ओंजळीत घेऊन तो गुडघाभर पाण्यात शिरला. ओंजळ उघडली.

काहीच झालं नाही.

मग त्याच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. इवलीशी लाट. तिच्यामागे दुसरी. वारा उठला, समुद्राने मोठा घोट घेतला, आणि वरच्या खिडकीतून खोकला ऐकू आला.

"आबा! कुणी खिडकी उघडली? गार वारं येतंय!"

राजा पाण्यातच मटकन बसला.

तो वाडा तेव्हापासून मातीच्याच रंगाचा आहे. पुढे शशिरेखा गादीवर बसली. रीत तिने मोडली नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूत पंजा उमटवला आणि शेजारी उभी राहिली. लाट आली, पंजा घेऊन गेली. तेव्हा कुठे तिने मुकुट डोक्यावर ठेवला.

तिथले राजे अजून तसंच करतात. लाट येईपर्यंत राज्य सुरू होत नाही.